दवदान : काडीकचऱ्याची आग, श्रावकाचार आणि कायदा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित घेतला आहे. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही आणि तशी आवश्यकताही नाही. मी कापडाचा व्यापारी. व्याख्यान देणे हा माझा पिंड नव्हे. तथापि मंडळाने विषय निवडण्याची मुभा दिली आणि मी शेतातील, बांधावरील व अंगणातील काडीकचरा जाळण्याचा विषय सुचविला, तेव्हा एका स्नेह्यांनी हसून विचारले, “भाऊ, हा तर कृषी खात्याच्या मेळाव्यातला विषय. सुवर्णमहोत्सवात तो कशाला?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर प्रथम देतो.

कृषी खाते जन्मास येण्याच्या कितीतरी शतके आधी आपल्या शास्त्रकारांनी हा विषय हाताळला आहे आणि त्याला स्वतंत्र नावही दिले आहे. ते नाव दवदान. दव म्हणजे वणवा, आणि दान म्हणजे येथे लावून देणे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाचे जे अध्ययन आहे, त्यात श्रावकाने जाणावीत पण आचरू नयेत अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. कोळसा पाडण्याचा धंदा, जंगलतोडीचा धंदा, दात, लाख, विष यांचा व्यापार अशा क्रमाने ती यादी येते आणि तिच्यात ‘दवग्गिदावणया’ हे एक कर्मादान आहे. श्वेतांबर परंपरेतील आपले कितीतरी बंधू प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारांची आलोचना करताना हा शब्द उच्चारतात. उच्चारताना डोळ्यांपुढे दूरचे एखादे अरण्य येत असावे. आपला स्वतःचा बांध क्वचितच येत असेल.

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात या कर्मादानाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, सवयीने लावलेली आग. दुसरी, पुण्य समजून लावलेली आग. विवेचनात कारणेही दिलेली आहेत. जुने गवत जळाले म्हणजे नवे गवत फुटते व गायींना चारा मिळतो, किंवा शेतात आग दिल्याने धान्य अधिक पिकते, अशा समजुतीने लोक आग लावतात, असे तेथे म्हटले आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी गुजरातेत नोंदविलेली ही कारणे आणि आज आपल्या आखाड्यावर सालगडी देतो ती कारणे ताडून पाहावीत. फारसा फरक आढळणार नाही.

दिगंबर परंपरेतही हीच दृष्टी आहे. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्या म्हणून जे वर्णिले आहे, त्यात कारणावाचून जमीन खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे व वनस्पती तोडणे यांचा समावेश आहे. त्याच ग्रंथात हिंसादान नावाचा दुसरा प्रकार आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ यांच्या जोडीला अग्नीही दुसऱ्याच्या हाती देऊ नये, असा त्याचा आशय आहे. हे दुसऱ्याच्या हाती देणे लक्षात ठेवावे, कारण आजच्या माझ्या बोलण्याचा सारा रोख तिकडेच आहे.

याचा अर्थ शेती निषिद्ध आहे असा कोणी करू नये. असि, मसि व कृषी यांची शिकवण भगवान ऋषभदेवांनीच दिली, असे आपण मानतो. गृहस्थाला चूल पेटवावी लागते, हळद शिजवावी लागते, उपजीविकेसाठी आरंभ करावा लागतो. त्यात घडणाऱ्या हिंसेला उद्योगी हिंसा असे निराळे नाव आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते काही विस्तवावाचून हळद शिजवून मिळालेले नाही. प्रश्न एवढाच आहे की जी आग टाळता येते, जिच्यावाचून काम होते, जी केवळ दोन दिवसांची मजुरी वाचावी म्हणून लावली जाते, ती कोणत्या सदरात टाकायची. खतावणीत चुकीच्या खात्याला नोंद गेली, तर ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, पण तो खरा नसतो.

आता आपल्या परिसराकडे वळू. वारंगा फाटा हे दोन महामार्गांच्या भेटीचे ठिकाण. अकोला-हिंगोलीकडून नांदेडकडे जाणारा रस्ता आणि नागपूर-यवतमाळ-हदगावकडून येणारा रस्ता येथे मिळतात. खिचडी खाण्यासाठी थांबणाऱ्या प्रवाशांना हा फाटा ठाऊक आहे. आपल्याला तो पेठ म्हणून ठाऊक आहे. इसापूर धरणाचे पाणी आल्यापासून या भागात ऊस व केळी वाढली. हळद, सोयाबीन, कापूस आणि तूर आहेतच. माघ संपता संपता उसाचे फड मोकळे होऊ लागतात. मागे पाचट उरते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीची धसकटे, सोयाबीनचे भुसकट, बांधावरचे वाळलेले कुसळी गवत यांची त्यात भर पडते. मग फाल्गुनापासून वैशाखापर्यंत संध्याकाळी कोणत्याही रस्त्याने जावे, आडव्या धुराचा पट्टा दिसतो. रस्त्याकडेची कडुनिंबाची व चिंचेची जुनी झाडे बुंध्याशी जळून पोकळ होतात आणि पुढच्या वादळात आडवी होतात. महामार्गावर धूर उतरला म्हणजे समोरचे वाहन दिसत नाही. याच दिवसांत आपले साधु-साध्वी पायी विहारात असतात आणि त्याच रस्त्याच्या कडेने चालतात.

ही आग लावतो कोण? हातात काडी असते ती सालगड्याच्या किंवा बटईदाराच्या. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर दहा-वीस एकर जमीन आहे. ती आपण बटईने किंवा ठोक्याने दिलेली असते, किंवा सालगडी ठेवलेला असतो. दुकानाच्या गादीवर बसून आपण सांगतो, “पाडव्याआधी रान साफ करून टाका.” आता ‘साफ करा’ म्हणताना आपण त्याला मजूर देतो का? यंत्राचे भाडे देतो का? देत नसू, तर त्या दोन शब्दांचा अर्थ एकच उरतो आणि तो आपल्यालाही ठाऊक असतो, त्यालाही. करणे, करविणे व अनुमोदणे या तिन्ही मार्गांनी कर्मबंध होतो, हे लहान मुलांना पाठशाळेत शिकविणारी ही संस्था आहे. करविणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. आपण सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही, पाणी गाळून पितो, हिरवी भाजी पाहून घेतो. आणि त्याच संध्याकाळी आपल्या सातबाऱ्यावरील बांध आपल्या शब्दावरून पेटलेला असतो.

बांधावर काय असते, हे ज्याने एकदा वाकून पाहिले त्यास सांगावे लागत नाही. चैत्रात तित्तर व टिटवी जमिनीवरच अंडी घालतात. घोरपड, मुंगूस, सशाची पिल्ले, सरडे, धामण, बिळातील उंदीर, वारुळे हे झाले डोळ्यांना दिसणारे पंचेंद्रिय व त्रस जीव. गांडुळे, गोगलगायी, कीटक आणि पृथ्वीकायापासून वनस्पतिकायापर्यंतचे स्थावर जीव यांची गणना करण्याची आपली पात्रता नाही. पक्षी उडून जातो, अंडी उडून जात नाहीत. २०१९ च्या एप्रिल महिन्यात पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, अवसरी परिसरात, ऊसतोड चालू असता लावलेल्या आगीत बिबट्याची पाच बछडी जळून मेली. वर्तमानपत्रांतून ती बातमी राज्यभर गेली. आपल्याकडील फडात बिबट्या क्वचित असेल; म्हणून आपल्याकडील आगीची बातमी होत नाही, एवढाच फरक.

आता कायद्याविषयी. मी वकील नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि कायद्याची पुस्तके वाचण्याची थोडी सवय आहे, तेवढ्यावर सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २८७ अन्वये अग्नी किंवा ज्वालाग्राही पदार्थाबाबत अविचाराने अथवा हयगयीने असे वर्तन करणे, की ज्यामुळे मानवी जीवित धोक्यात यावे किंवा कोणास इजा होण्याचा संभव असावा, हा अपराध आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यात दोन बारकावे आहेत. प्रत्यक्ष कोणी भाजलेच पाहिजे, असे नाही. धोका निर्माण होणे पुरेसे आहे. आणि आग लावणे जसे अपराध, तसेच आपल्या ताब्यातील आगीचा पुरेसा बंदोबस्त न करणे हाही अपराध आहे. शेजाऱ्याचे पीक किंवा मालमत्ता जाळण्याच्या हेतूने, अथवा ती जळण्याचा संभव आहे हे जाणून आग लावली असेल, तर कलम ३२६ लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. याशिवाय दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा निराळा. दुसऱ्याकरवी अपराध घडवून आणणाऱ्यास न्याय संहितेत अपप्रेरणेचे स्वतंत्र प्रकरण आहे. करविण्याचा दोष फक्त आगमांनीच ओळखलेला आहे, असे कोणी समजू नये.

वायू प्रदूषणाचा १९८१ चा कायदा आहे. त्याच्या कलम १९ मध्ये, इंधन नसलेली कोणतीही वस्तू जाळण्यास एखाद्या क्षेत्रात अधिसूचनेने मनाई करण्याचा अधिकार राज्य शासनास दिला आहे. वनालगत ज्यांची जमीन आहे त्यांनी १९२७ चा भारतीय वन अधिनियम ध्यानात ठेवावा. राखीव वनास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविणे किंवा पेटती सोडणे त्याच्या कलम २६ अन्वये गुन्हा आहे. पैनगंगेपलीकडे अभयारण्य आहे. तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० लागू होते. त्याच कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणेही येते. शिकार हा शब्द आपल्या घराण्यात उच्चारलाही जात नाही; ती व्याख्या एकदा वाचून पाहावी, एवढेच म्हणतो.

शेतातील अवशेष जाळण्याबद्दल जो दंड वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतो, त्याविषयी बराच गैरसमज आहे. राष्ट्रीय हरित लवादाने १० डिसेंबर २०१५ रोजी दोन एकरांपेक्षा कमी जमिनीस २,५०० रुपये, दोन ते पाच एकरांस ५,००० आणि त्यावर १५,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरविली, ती दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांच्या संदर्भात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने ती दुप्पट केली, तीही दिल्ली व तिच्या लगतच्या भागापुरती. ते दर हिंगोली जिल्ह्यास लागू आहेत, असे सांगून कोणी भीती घालत असेल तर ते खरे नाही. परंतु कचरा उघड्यावर जाळण्यासंबंधी हरित लवादाचाच २२ डिसेंबर २०१६ चा आदेश संपूर्ण देशासाठी होता. साधा कचरा जाळल्यास ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई त्यात सांगितली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही रस्त्यावर व सार्वजनिक मोकळ्या जागेत कचरा टाकणे, जाळणे, पुरणे यांस मनाई केली आणि अंगणातील पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठविण्यास सांगितले. म्हणजे पेठेत दुकानामागे सकाळी जी शेकोटी पेटते, ती कायद्याच्या दृष्टीने शेतातल्या आगीहून अधिक स्पष्टपणे निषिद्ध आहे. उन्हाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेशही निघू शकतो. म्हणून काडी लावण्याचा प्रसंग आलाच, तर आधी ग्रामपंचायतीत व तहसीलमध्ये विचारून घ्यावे.

कायदा पुरे. व्यापाऱ्यांच्या सभेत हिशेब मांडल्यावाचून गत्यंतर नाही. कृषी शास्त्रज्ञ सांगतात की एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते आणि ते कुजविल्यास साधारण ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद व ७५ ते १०० किलो पालाश जमिनीस मिळते. युरियाचे पोते ४५ किलोचे, त्यात नत्र ४६ टक्के. म्हणजे हे नत्र सुमारे दोन ते अडीच पोती युरियाइतके झाले. पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची ५० किलोची अडीच ते सव्वातीन पोती. आता खरे बोलायचे, तर युरिया अनुदानामुळे इतका स्वस्त आहे की दोन पोती जळाल्याचे कोणासही दुःख होत नाही. पालाश राखेत शिल्लक राहतो, असा युक्तिवाद केला जातो, तो बऱ्याच अंशी खराही आहे. मात्र चैत्रातला वारा ती राख आपल्याच शेतात ठेवील, याची हमी कोण देणार? खरा तोटा आहे सेंद्रिय कर्बाचा. पाचटात तो वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा किंवा त्याहून थोडा अधिक असतो आणि त्याचे पोते कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळत नाही. ज्या वस्तूचा बाजारात भाव नाही, ती वहीत येत नाही. आणि जी वहीत येत नाही, तिचा तोटा मालकाला दिसत नाही. आपल्या काळ्या जमिनी कठीण होत चालल्या, पाणी धरीनात, ही तक्रार मात्र प्रत्येक जण करतो.

पाचट कुजविण्याची रीत अवघड नाही. तोडणीनंतर बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट एका आड एका सरीत दाबावे, एक टन पाचटास आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजविणारे जिवाणू शेणकाल्यातून टाकावेत, वर पाणी द्यावे. खोडव्यास ओल टिकते, तण कमी येते. पाणी सरीत पुढे सरकत नाही, साप राहतात, उंदीर वाढतात, या शेतकऱ्यांच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि त्या निराधार नाहीत. एकाआड एक सरी मोकळी ठेवली, तर पाण्याचा प्रश्न बराच सुटतो. शिवाय पाचटाची कुट्टी केली, तर ते लवकर बसते. सापाला भिऊन रान पेटविणे हा मात्र सापावर व आपल्यावर दोघांवरही अन्याय आहे; पायांत बूट, हातात काठी व बॅटरी यांनी ते काम भागते.

कापसाच्या बाबतीत मामला थोडा गुंतागुंतीचा आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यात हाहाकार केला, तेव्हापासून डिसेंबरनंतर कापूस शेतात ठेवू नका, पऱ्हाट्या काढून नष्ट करा, असे सांगितले जाते. नष्ट करा याचा अर्थ आपल्याकडे जाळा असाच घेतला गेला. पऱ्हाटीची श्रेडरने कुट्टी केली, तर उरलेली बोंडे व त्यातील अळ्याही चिरडल्या जातात, म्हणजे तेथेही हिंसा आहेच; ती झाकून ठेवून मी बोलणार नाही. पण कुट्टी त्या बोंडांपुरती राहते, आग बांधावर जाते. तूरकाडी व पऱ्हाटी चुलीसाठी हवी असेल, तर ती मोळी बांधून गरजूंना देऊन टाकावी. सरपण म्हणून जे जळणारच आहे, त्याच्या जागी हिरवे झाड तरी तुटणार नाही. पाचट व पऱ्हाटी या दोहोंविषयी आपल्याच तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि परभणीचे कृषी विद्यापीठही दूर नाही. तेथे विचारायला जाण्यास पैसे पडत नाहीत.

आता पेठेकडे येतो, कारण येथे मला जरा अधिकाराने बोलता येईल. कापडाच्या एका गाठीतून जेवढे कापड निघते, त्याबरोबर पॉलिथिनच्या पिशव्या, टेप, पुठ्ठे व साडीच्या घडीतले प्लास्टिकही निघते. पुठ्ठा रद्दीवाला घेतो. पिशव्या कोणी घेत नाही, म्हणून त्या पेटतात. त्याबरोबर कृत्रिम धाग्याच्या चिंध्या, थर्माकोल, कोणाच्या रानातून आलेल्या ठिबकच्या फाटक्या नळ्या, क्वचित जुना टायरही. हा धूर लाकडाच्या धुरासारखा नसतो; प्लास्टिक अर्धवट जळते, तेव्हा त्यातून डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघू शकतात. पॉलिथिन एका पोत्यात साठवावे आणि भंगारवाल्याला किलोवर नाही तर फुकट द्यावे. पोतेभर झाले की तो येतो, हा माझा अनुभव आहे. औषध फवारणीचे रिकामे डबे कदापि जाळू नयेत. कीटकनाशक नियमांनुसार ते फोडून वस्तीपासून दूर पुरावयाचे असतात.

इतके सांगूनही आग लावण्याचा प्रसंग येतोच. रोगट फांद्या असतात, वेडी बाभूळ काढल्यावर काटे उरतात, ते कुजत नाहीत आणि कोणी नेत नाही. अशा वेळी शास्त्राने दिलेला शब्द आहे यतना. कायदा ज्याला हयगय म्हणतो, शास्त्र त्यालाच प्रमाद म्हणते. यतना ही दोहोंच्या विरुद्ध बाजूची. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे रीत सांगतो.

उभा बांध कधीही पेटवू नये. जे जाळायचे ते तोडून मोकळ्या, नांगरलेल्या जागी आणावे आणि लहान ढीग करावा. ढीग आदल्या दिवशी रचून ठेवला असेल, तर रात्रीत त्यात सरडा, साप, मांजरीची पिल्लेही शिरतात. म्हणून पेटविण्यापूर्वी तो उलटून पुन्हा रचावा. हे एक काम दहा मिनिटांचे आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. भोवताली दहा-बारा फुटांचा पट्टा वखरून किंवा भिजवून काढावा. वनखाते ज्याला जाळरेषा म्हणते, तीच ही. वर महावितरणच्या तारा नसाव्यात, जवळ कडब्याची गंजी, गोठा, उभा ऊस, रस्ता नसावा. वारा पडलेला असावा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीकडे जातो आणि वावटळी उठतात; त्या वेळी काडी हातातही घेऊ नये. सकाळची वेळ बरी, म्हणजे विझविण्यास दिवस हाताशी असतो. संध्याकाळी पेटवून घरी जाणे हा तर सरळ सरळ प्रमाद. शेजारच्या शेतकऱ्याला आधी सांगावे. दोन माणसे, भरलेली टाकी किंवा चार-सहा घागरी पाणी, फावडे आणि ओल्या फांद्या जवळ असाव्यात. रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. पेट्रोलची वाफ भडकते आणि ओतणाराच आधी भाजतो.

अंगावर काय असावे, हे कापडवाल्याकडून ऐकावे. नायलॉन, पॉलिएस्टर, टेरिकॉट ही कापडे पेटली म्हणजे वितळतात आणि कातडीला चिकटतात. जखम खोल जाते. सुती कापडही पेट घेते, पण ते अंगाला चिकटत नाही आणि झटकून वा ओढून काढता येते. आगीजवळ काम करणाऱ्या बाईने पॉलिएस्टरच्या साडीचा पदर मोकळा ठेवू नये. सालगड्याला दिवाळीला कापड देताना जाड सुती द्यावे; दर मीटरमागे थोडे अधिक पडतात, तेवढे पडू द्यावेत. दुर्दैवाने कपडे पेटलेच, तर पळू नये. जमिनीवर लोळावे, वर घोंगडी टाकावी, भाजल्यावर साधे पाणी भरपूर ओतावे. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये.

आग विझली असे दिसते, तेव्हा ती बहुधा विझलेली नसते. बाभळीचा बुंधा आतून दोन-तीन दिवस धुमसतो. राखेवर पाणी ओतून फावड्याने उलटावी, पुन्हा ओतावी, आणि हाताच्या पाठीला ऊब लागेनाशी झाल्यावरच जागा सोडावी. आग हाताबाहेर जातेय असे वाटताच ११२ किंवा १०१ फिरवावा. आपण विझवू असे म्हणत अर्धा तास घालवू नये, कारण बंब यायला आपल्याकडे वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच पंचक्रोशीत एका बांधाची आग शेजारच्या कडब्याच्या गंजीला लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर जनावरांची सारी वैरण गेली. जमीनमालक गावात नव्हते. चौकशी झाली ती बटईदाराची. त्याने चार महिने ठाण्याच्या खेपा घातल्या. मालकांनी भरपाईचे काही पैसे दिले, हे सांगितलेच पाहिजे. पण त्या दोन शेतकरी कुटुंबांत लग्नाकार्याचे आमंत्रण आजही जात नाही. संवत्सरीला चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना त्या दोन घरांचा समावेश त्यात कसा करायचा, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. सालगड्याचे साल आणि बटईचा करार पाडव्याला होतो. येत्या पाडव्याला ज्यांची जमीन आहे, त्यांनी करारात एक ओळ लिहावी : रान व बांध पेटवू नये, कुट्टी, रोटाव्हेटर व मजुरीचा खर्च मालकाने सोसावा. पहिले अर्धे वाक्य लिहून दुसरे गाळले, तर त्या कागदास काही किंमत नाही, हे आपण सर्व जाणतो. खर्च अर्धा-अर्धा करू म्हणणारे निघतील. मी त्याच्या विरुद्ध आहे, कारण साफ रानाचा हुकूम आपला असतो. पाच-सहा जणांनी मिळून एकाच हंगामासाठी श्रेडर भाड्याने ठरविले, तर एकट्याला पडतो त्याहून खर्च निश्चित कमी पडेल. संस्थेच्या आवारातील पिंपळ व कडुनिंबाचा पाला फाल्गुनात ढीगभर पडतो. तो झाडून पेटविण्याऐवजी मागील कोपऱ्यात दहा फूट लांब, चार फूट रुंद व तीन फूट खोल असा खड्डा घ्यावा आणि त्यावर शेण, माती व पाणी टाकत जावे. खड्ड्याची मजुरी मी देतो. ती देणगी म्हणून पावतीत लिहू नये. खड्ड्याच्या तोंडावर जाळी मात्र बसवावी, म्हणजे त्यात पिल्लू पडणार नाही.

करारातील ओळ लिहिण्यास जे तयार असतील, त्यांनी चहापानापूर्वी कार्यालयात चिटणिसांकडे नाव, गाव व गट क्रमांक द्यावा. श्रेडरसाठी किती एकर होतात, ते आजच कळले तर महिनाअखेर भाव विचारता येईल.